वन्यजीव छायाचित्रण : तंत्र, पुरावामूल्य आणि अंतराची मर्यादा

सारांश

नैसर्गिक अधिवासातील पक्षी आणि सस्तन प्राणी यांचे छायाचित्रण आज केवळ छंद राहिलेले नाही. ते अभ्यासाचे साधन आणि संवर्धनाचा पुरावाही ठरले आहे. प्रस्तुत लेखात या छायाचित्रणाचा संक्षिप्त इतिहास, त्यामागील प्रकाशशास्त्रीय तत्त्वे, छायाचित्राचे पुरावामूल्य आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 मधील संबंधित तरतुदी यांचा परामर्श घेतला आहे. छायाचित्रकार आणि प्राणी यांच्यातील योग्य अंतर ही केवळ शिष्टाचाराची बाब नसून छायाचित्राच्या सत्यतेचीच अट आहे, हे येथे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : वन्यजीव छायाचित्रण, अधिवास, रानपिंगळा, कॅमेरा ट्रॅप, घरटे, क्षेत्रभेट.

1. प्रस्तावना

मराठीत 'टिपणे' या क्रियापदाला अनेक अर्थच्छटा आहेत. पाखरू दाणे टिपते, नेमबाज सावज टिपतो आणि अभ्यासक निरीक्षणे टिपून ठेवतो. छायाचित्रकारही दृश्य टिपतो. मात्र तो नेमबाजाच्या अर्थाने टिपतो की अभ्यासकाच्या अर्थाने, या प्रश्नात वन्यजीव छायाचित्रणाचे सारे मर्म साठवलेले आहे. पहिल्या अर्थाने प्राणी हे लक्ष्य असते आणि चित्र ही त्याची हस्तगत झालेली खूण असते. दुसऱ्या अर्थाने प्राणी हा स्वतःचे जीवन जगणारा विषय असतो आणि चित्र ही त्या जीवनाची नोंद असते.

डिजिटल कॅमेऱ्यांच्या प्रसारामुळे हा प्रश्न अधिक निकडीचा झाला आहे. फिल्मच्या काळात एका रिळात 36 चित्रे मावत असत आणि प्रत्येक चित्राला पैसे मोजावे लागत. आज एका सकाळी हजारो चित्रे काढता येतात. भिगवणचे पाणपक्षी, ताडोब्याचे वाघ किंवा पुणे-सोलापूर परिसरातील माळरानांवरचे चिंकारा व लांडगे यांच्याभोवती कॅमेरे घेऊन जमणाऱ्यांची संख्याही वाढली आहे. त्यांत महाविद्यालयीन विद्यार्थी आणि प्राध्यापक लक्षणीय प्रमाणात असतात. म्हणूनच या विषयाचा विचार शिक्षणक्षेत्राने करणे अगत्याचे ठरते.

2. ऐतिहासिक पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात पक्षी ओळखण्याची रूढ पद्धत म्हणजे तो मारून त्याचे कातडे संग्रहालयात ठेवणे ही होती. या पद्धतीला कॅमेऱ्याने हळूहळू पर्याय दिला. इंग्लंडमधील रिचर्ड व चेरी कीअर्टन या बंधूंनी 1892 मध्ये घरट्यातील अंड्यांचे छायाचित्र घेतले आणि 1895 मध्ये पक्ष्यांच्या घरट्यांवरील त्यांचे सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यांचा अवजड कॅमेरा दुरून चित्र घेण्यास असमर्थ होता. त्यामुळे पक्ष्यांच्या नकळत त्यांच्याजवळ जाण्यासाठी या बंधूंनी बैलाचे पोकळ सोंग तयार केले आणि त्याच्या पोटात बसून चित्रे घेतली. आजच्या 'लपण' या साधनाचा हा एक पूर्वावतार होय.

अमेरिकेत जॉर्ज शायरस यांनी रात्री नावेतून फिरत, प्रकाशाचा झोत टाकून हरणांची चित्रे घेतली. प्रकाशझोताने प्राणी थबकवण्याची ही युक्ती मुळात शिकाऱ्यांची. शायरस यांनी त्यात बंदुकीच्या जागी कॅमेरा आणला. त्यांची 74 छायाचित्रे 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकाच्या जुलै 1906 च्या अंकात प्रसिद्ध झाली.

भारतात या क्षेत्रातील अग्रणी म्हणून तत्कालीन संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांचे नाव घ्यावे लागते. जंगलातील वाटेवर तार ताणून, त्या तारेला प्राण्याचा धक्का लागताच कॅमेरा आणि प्रकाशझोत चालू होईल, अशी योजना त्यांनी केली. अशा रीतीने मिळालेली वाघांची रात्रीची छायाचित्रे त्यांच्या 1927 च्या पुस्तकात समाविष्ट आहेत. येथे एक महत्त्वाचा बदल घडलेला दिसतो. कीअर्टन बंधू वेषांतर करून प्राण्याच्या जवळ गेले. चॅम्पियन मात्र स्वतः तेथून दूर झाले आणि प्राण्याला त्याच्या वाटेने येऊ दिले. स्वतंत्र भारतात मद्रासचे एम. कृष्णन यांनी छायाचित्र आणि निरीक्षणपर लेखन यांची सांगड घातली. या साऱ्या वाटचालीचा मुख्य धागा एकच आहे : दूर राहूनही जवळून कसे पाहावे?

3. तंत्र : अंतराचे गणित

या प्रश्नाचे प्रकाशशास्त्रीय उत्तर सोपे आहे. संवेदकावर पडणाऱ्या प्रतिमेची उंची काढण्यासाठी भिंगाचे नाभीय अंतर आणि प्राण्याची उंची यांच्या गुणाकाराला प्राण्यापर्यंतच्या अंतराने भागावे लागते. 20 सें.मी. उंचीचा पक्षी 20 मीटर अंतरावर बसला असेल आणि भिंग 400 मि.मी.चे असेल, तर प्रतिमा 4 मि.मी. उंचीची मिळते. 'फुल फ्रेम' संवेदकाची उंची 24 मि.मी. असते, म्हणजे पक्षी चौकटीचा एकषष्ठांश भाग व्यापतो. 600 मि.मी.चे भिंग वापरल्यास प्रतिमा 6 मि.मी., म्हणजे चौकटीच्या एकचतुर्थांश होते. सुमारे 16 मि.मी. उंचीच्या लहान संवेदकावर 400 मि.मी.च्या भिंगानेही तेच प्रमाण साधते. मर्यादित खर्चात काम करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ही गोष्ट उपयुक्त आहे.

याच सूत्रात मोहाचे मूळही आहे. अंतर निम्मे केले की प्रतिमेची उंची दुप्पट आणि क्षेत्रफळ चौपट होते. महागडे भिंग घेण्यापेक्षा दहा पावले पुढे जाणे स्वस्त पडते. परंतु ती दहा पावले छायाचित्रकाराला फुकट पडली, तरी प्राण्याला फुकट पडत नाहीत.

मोठ्या भिंगांनाही मर्यादा असतात. 600 मि.मी.चे भिंग एफ-4 या छिद्रावर वापरून 20 मीटरवरील पक्ष्यावर रोखले, तर स्पष्टतेची एकूण खोली जेमतेम पाव मीटर मिळते. 10 मीटरवर ती सात सेंटिमीटरपेक्षाही कमी होते. म्हणून नेम नेहमी डोळ्यावर धरावा असा संकेत आहे. डोळा स्पष्ट असेल तर शेपटीचे टोक धूसर झाले तरी चित्र जिवंत वाटते. हात हलल्याने चित्र बिघडू नये यासाठी शटरचा वेग नाभीय अंतराच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे 400 मि.मी.च्या भिंगासाठी किमान 1/400 सेकंद ठेवण्याचा प्रघात आहे. कंपनरोधक भिंगांमुळे त्यात सूट मिळते, परंतु ती केवळ स्थिर प्राण्यांच्या बाबतीत. उडत्या पक्ष्यासाठी 1/2000 सेकंद किंवा त्याहून अधिक वेग लागतो.

प्रकाशमापनातही विवेक लागतो. कॅमेऱ्याचा मापक दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो. त्यामुळे गडद पाण्यावरील पांढरा बगळा जास्त उजळून त्याच्या पिसांचे तपशील नाहीसे होतात, तर उजळ आकाशासमोरचा कोतवाल नुसती काळी आकृती होऊन राहतो. पहिल्या प्रसंगी प्रकाश थोडा कमी आणि दुसऱ्या प्रसंगी थोडा जास्त द्यावा लागतो. महाराष्ट्राच्या माळरानावर आणखी एक अडचण येते. सकाळी ऊन चढताच जमिनीलगतची तापलेली हवा थरथरू लागते आणि दूरच्या प्राण्याची प्रतिमा सर्वोत्तम भिंगातूनही लहरत दिसते. त्यावर उपाय म्हणजे पहाटे लवकर जागेवर पोहोचणे आणि प्राणी आपल्या क्रमाने जवळ येईपर्यंत स्थिर बसणे.

लपण उपयोगी पडते ते याचसाठी. पक्षी प्रामुख्याने माणसाची उभी आकृती आणि हालचाल यांना बिचकतात. गाडीत बसलेल्या माणसाला अनेक पक्षी जवळ येऊ देतात आणि दार उघडताच उडून जातात, याचे कारण हेच. लपणात दोघांनी जायचे आणि एकाने बाहेर पडून निघून जायचे, ही छायाचित्रकारांची जुनी युक्ती आहे. धोका टळला असे समजून पक्षी लवकर पूर्ववत वागू लागतो. अलीकडच्या मिररलेस कॅमेऱ्यांत शटरचा आवाज पूर्णपणे बंद करता येतो, हाही मोठा लाभ आहे.

4. छायाचित्राचे पुरावामूल्य

छायाचित्र हा पुरावा कसा ठरतो आणि पुराव्याची सत्यता कशावर अवलंबून असते, हे समजण्यासाठी महाराष्ट्रातीलच रानपिंगळ्याचे उदाहरण बोलके आहे. या लहान घुबडाचे शास्त्रीय वर्णन ॲलन ह्यूम यांनी 1873 मध्ये केले. ब्रिटिश अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात त्याचे नमुने गोळा केले होते. 1884 नंतर मात्र या पक्ष्याचा एकही खात्रीचा नमुना उपलब्ध नव्हता. अपवाद होता तो कर्नल रिचर्ड मायनर्ट्‌झहागेन यांच्या संग्रहातील एका कातड्याचा. त्यावरील चिठ्ठीनुसार तो पक्षी 1914 मध्ये गुजरातेत मिळाला होता. पुढे अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी दाखवून दिले, की हे कातडे प्रत्यक्षात ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला डेव्हिडसन यांचाच नमुना होते. ते नव्याने भरून त्याला खोटी चिठ्ठी लावण्यात आली होती.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी, की कातडे खरे होते, पक्षीही खरा होता. खोटी होती ती त्याच्या प्राप्तीची परिस्थिती. तेवढ्या एका असत्याने शोध चुकीच्या प्रदेशाकडे वळवला होता. ते असत्य दूर झाल्यावर जुन्या विश्वसनीय नोंदींच्या आधारे रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी शोध घेतला आणि 25 नोव्हेंबर 1997 रोजी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांना रानपिंगळा दिसला. त्यांनी त्याची छायाचित्रे घेतली आणि चलचित्रणही केले. डोक्यावर ठिपक्यांचा जवळजवळ अभाव, छातीवरील रुंद तपकिरी पट्टा आणि दिवसाउजेडी वावरण्याची सवय या, नेहमीच्या पिंगळ्याहून वेगळ्या खुणा त्यातून नोंदवता आल्या. 113 वर्षांनंतर मिळालेल्या या पुराव्यासाठी एकाही पक्ष्याला मारावे लागले नाही. त्यानंतर मेळघाट आणि 2014 मध्ये तानसा अभयारण्य येथेही हा पक्षी आढळला.

सस्तन प्राण्यांच्या बाबतीत कॅमेरा ट्रॅपने असेच कार्य केले. चॅम्पियन यांच्या तारेची जागा आता शरीराची उष्णता व हालचाल ओळखणाऱ्या अवरक्त संवेदकाने घेतली आहे. प्रत्येक वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची रचना स्वतंत्र असते आणि डाव्या व उजव्या कुशीवरील रचनाही भिन्न असते. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावले जातात. उल्हास कारंथ यांनी 1990 च्या दशकात नागरहोळे येथे या पद्धतीला संख्याशास्त्राची जोड दिली. त्याआधी वाघांची गणना मुख्यतः पाऊलखुणांच्या ठशांवरून होत असे. 2018-19 च्या देशव्यापी गणनेत 26,838 ठिकाणी कॅमेरे लावण्यात आले. त्यांतून 3,48,58,623 छायाचित्रे मिळाली. त्यांपैकी वाघांची 76,651 होती आणि त्यांवरून 2,461 स्वतंत्र वाघ ओळखता आले. याचा अर्थ सुमारे साडेचारशे छायाचित्रांमागे एकात वाघ आढळला. कलादृष्ट्या यांतील बहुतेक चित्रे सामान्यच असतात. तरीही त्यांचे मूल्य मोठे आहे, कारण प्रत्येक चित्राबरोबर स्थळ, दिनांक आणि वेळ यांची विश्वसनीय नोंद असते आणि प्राण्याला तेथे कोणी आणलेले नसते.

उलट, जेथे परिस्थितीच बनावट असते तेथे उत्कृष्ट चित्रही निरर्थक ठरते. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या प्रसिद्ध स्पर्धेत 2009 चे सर्वोच्च पारितोषिक कुंपणावरून झेप घेणाऱ्या लांडग्याच्या चित्राला मिळाले होते. तो लांडगा बहुधा माणसाळवलेला असल्याचा निष्कर्ष निघाल्यावर 2010 मध्ये ते पारितोषिक रद्द करण्यात आले. त्या चित्रात तांत्रिक उणीव नव्हती. पण ते जे सांगत होते ते घडलेले नव्हते. उंदराचे आमिष दाखवून घेतलेले घुबडाच्या झेपेचे चित्र किंवा ध्वनिमुद्रित साद ऐकवून बोलावलेल्या पक्ष्याचे चित्र याच पंक्तीत बसते. त्यात दिसणारे वर्तन त्या प्राण्याचे नसते, छायाचित्रकाराने घडवलेले असते.

5. व्यत्ययाची किंमत

प्राणी पळाला नाही म्हणजे त्याला त्रास झाला नाही, हा समज चुकीचा आहे. चरणे थांबवून मान वर करणे, कान रोखणे, एकाच दिशेने टक लावून पाहणे, इशाऱ्याचा आवाज काढणे ही अस्वस्थतेची आधीची लक्षणे होत. चोचीत भक्ष्य धरून पक्षी जवळच्या फांदीवर ताटकळत असेल, तर घरटे जवळ आहे आणि निरीक्षक त्याच्या वाटेत उभा आहे, असे समजावे. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडत असेल किंवा जमिनीवर घरटे करणारा एखादा पक्षी पंख मोडल्याचे सोंग करीत फरफटत दूर जात असेल, तर अंडी किंवा पिल्ले जवळपास आहेत. अशा वेळी ताबडतोब, आल्या वाटेने मागे फिरणे हाच योग्य मार्ग होय.

घरट्याच्या बाबतीत धोका सर्वाधिक असतो. टिटवीची अंडी उघड्या जमिनीवर असतात. कडक उन्हात ती त्यांच्यावर सावली धरते, इतकेच नव्हे तर पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणून अंडी थंड राखते. म्हणजे उन्हाळ्यात ती अंड्यांवर बसते ते ऊब देण्यासाठीच नव्हे, तर त्यांना उन्हापासून वाचवण्यासाठीही. छायाचित्रकार अर्धा तास जवळ रेंगाळला तर तेवढा वेळ अंडी उन्हात उघडी पडतात. झाडावरील घरट्यासमोरची पाने वा फांद्या दूर केल्यास चित्र स्वच्छ मिळते. परंतु तोच आडोसा कावळ्यापासून आणि उन्हापासून पिल्लांचे रक्षण करीत असतो. माणसाच्या सततच्या ये-जा करण्याने तुडवली गेलेली वाटही भक्षकांना घरट्याचा ठावठिकाणा दाखवू शकते.

डिजिटल युगाने यात आणखी एका प्रश्नाची भर घातली आहे. अनेक कॅमेरे व मोबाइल चित्रातच स्थळाचे अक्षांश-रेखांश नोंदवतात. दुर्मीळ पक्ष्याच्या घरट्याचे असे चित्र प्रसारित झाले, की दुसऱ्या दिवशी तेथे गर्दी होते. एका व्यक्तीचा व्यत्यय क्षम्य वाटला, तरी पन्नास व्यक्तींचा तसा राहत नाही. संशोधनासाठी अचूक स्थळ नोंदवावे, प्रसिद्धीसाठी मात्र तालुका किंवा जिल्हा एवढाच उल्लेख पुरेसा आहे.

6. कायद्याची भूमिका

वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 मधील 'शिकार' या संज्ञेची व्याख्या व्यापक आहे. कलम 2(16) नुसार प्राण्याला ठार करणे किंवा पकडणे एवढ्यापुरतीच ती मर्यादित नाही. प्राण्याला हाकणे, त्याला आमिष दाखवणे आणि वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे यांचाही तिच्यात समावेश होतो. अनुसूचीतील प्राण्यांच्या शिकारीस कलम 9 अन्वये मनाई आहे. म्हणजे घरट्यात ढवळाढवळ करून घेतलेले छायाचित्र, हेतू कितीही निरुपद्रवी असला तरी, कायद्याच्या दृष्टीने शिकारीच्या कक्षेत येऊ शकते. अनेक छायाचित्रकार स्वतःला शिकाऱ्याचा विरोधक समजतात. त्यांनी ही व्याख्या अवश्य वाचावी.

अभयारण्यात छायाचित्रणासाठी परवाना देण्याची तरतूद कलम 28 मध्ये आहे. 2022 च्या सुधारणेने तीत असे स्पष्ट करण्यात आले, की छायाचित्रण व चित्रपटनिर्मिती अधिवासात कोणताही बदल न करता आणि अधिवास वा वन्यजीव यांवर प्रतिकूल परिणाम न होऊ देता झाली पाहिजे. कलम 27 अभयारण्यातील वन्य प्राण्याला छेडण्यास मनाई करते. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या 2012 च्या मार्गदर्शक सूचनांनी पर्यटकांना वन्य प्राण्यांपासून 20 मीटरहून अधिक अंतर राखण्यास सांगितले. तिसऱ्या विभागातील गणित याच अंतराचे होते. 20 मीटरवरून समाधानकारक चित्र घेणे तंत्रदृष्ट्या शक्य आहे, एवढे त्यावरून दिसून येते.

7. महाविद्यालयीन क्षेत्रभेट आणि छायाचित्रण

विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी स्तरावर लागू केलेल्या पर्यावरण अभ्यासाच्या सहामाही पाठ्यक्रमात क्षेत्रकार्याचा स्वतंत्र घटक होता आणि त्यात परिसरातील वनस्पती, कीटक व पक्षी यांच्या अभ्यासाचा उल्लेख होता. अशा क्षेत्रकार्यात कॅमेरा हे प्रभावी साधन ठरू शकते, मात्र त्यासाठी काही पथ्ये पाळणे आवश्यक आहे.

पहिले असे, की छायाचित्राबरोबर टिपण असावेच. दिनांक, वेळ, अधिवासाचा प्रकार, प्राण्याचे वर्तन आणि चित्र घेतलेल्या अंतराचा अंदाज एवढ्या नोंदी पुरेशा आहेत. दुसरे, कॅमेरा हाती घेण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी दुर्बिणीने किमान पंधरा मिनिटे निरीक्षण करावे. व्यत्ययाची लक्षणे ओळखण्यासाठी आधी स्वाभाविक वर्तन माहीत असावे लागते. तिसरे, वीणीच्या हंगामात घरट्यांचे छायाचित्रण प्रकल्पातून सर्वस्वी वगळावे. चौथे, मूल्यमापन करताना चित्राच्या देखणेपणास गुण देण्याऐवजी नोंदीच्या पूर्णतेस द्यावेत. केवळ देखण्या चित्राला पारितोषिक मिळते असे दिसले, की विद्यार्थी दहा पावले पुढे जाणारच. पाचवे, महाविद्यालयाच्या आवारातील पक्ष्यांपासून सुरुवात करावी. साळुंकी, बुलबुल, शिंजीर, वेडा राघू हे पक्षी सहज दिसतात, माणसांना सरावलेले असतात आणि वर्षभराच्या छायाचित्रांतून त्यांचा ऋतुक्रम नोंदवता येतो. अशा सलग नोंदी 'ईबर्ड'सारख्या सार्वजनिक संकलनात दिल्यास त्यांचा उपयोग महाविद्यालयाबाहेरील अभ्यासकांनाही होतो.

8. समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल, की वन्यजीव छायाचित्रणात तंत्र, सत्य आणि नीती या तीन वेगवेगळ्या बाबी नाहीत. मोठे भिंग, लपण, कॅमेरा ट्रॅप ही सारी साधने दूर राहून पाहण्यासाठी विकसित झाली. दूर राहिल्यानेच प्राण्याचे स्वाभाविक वर्तन चित्रात येते आणि तसे ते आले तरच चित्राला पुरावा म्हणून मोल प्राप्त होते. रानपिंगळ्याच्या खोट्या चिठ्ठीने जे नुकसान केले, तेच आमिष दाखवून किंवा घरटे उघडे पाडून घेतलेली चित्रे आपल्या परीने करीत असतात. ती प्राण्याच्या जीवनाविषयी चुकीची साक्ष देतात. शिवाय त्या साक्षीची किंमत प्राण्यालाच मोजावी लागते. क्षेत्रभेटीहून परतलेल्या विद्यार्थ्याच्या कॅमेऱ्यात दूरवर बसलेल्या टिटवीचे लहानसेच चित्र असले, परंतु टिटवी अंड्यांवरून उठली नसेल आणि वहीत त्या सकाळची नोंद असेल, तर ते शैक्षणिक कार्य यशस्वी झाले असे मानावे.